कोर्टाच्या टेबलावरचा जुना थिंकपॅड आणि लिनक्स मिंट: एका टायपिंगवालीचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची ऑपरेटिंग सिस्टीम, आणि तिची एक्सएफसीई आवृत्ती 2012 सालच्या लॅपटॉपवर झकास चालते. मराठी टायपिंग जो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, करतो त्याने ती बेधडक टाकावी. श्रीलिपी, कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टांवर ज्याचं पोट आहे त्याने थोडं थांबावं, निदान हे सगळं वाचून होईपर्यंत. मशीन चालेल की नाही ही भीती बहुतेकांना असते, पण मशीन चालतेच. घोडं अडतं ते कीबोर्ड, फॉन्ट आणि प्रिंटर या तीन ठिकाणी, आणि लिनक्सबद्दल लिहिणारी मंडळी नेमकी तीच तीन ठिकाणं दोन ओळींत आटोपतात. त्यांना बहुधा ॲफिडेव्हिट टाइप करावं लागत नसावं.

माझं काम तेच आहे. नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या बाजूला माझं टेबल असतं. वकीलपत्र, सत्यप्रतिज्ञालेख, पुरसिस (कोर्टाला द्यायची लेखी माहिती), भाडेकरार, नावात बदलाचं प्रतिज्ञापत्र, वारसांचे अर्ज, असं दिवसभर चालू असतं. मराठी जास्त, इंग्रजी कमी, आणि एकाच पानावर दोन्ही हे तर रोजचंच. समोर पक्षकार उभा, त्याच्यामागे ज्युनिअर वकील, आणि कोर्टात पुकारा व्हायची वेळ झालेली. अशा वेळी लॅपटॉप गोल गोल फिरत बसला की लोक मशीनला नाही, मला बोलतात.

लॅपटॉप म्हणजे थिंकपॅड टी430. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सेकंडहँड घेतलेला. आतला प्रोसेसर इंटेलचा तिसऱ्या पिढीतला आय5, रॅम 4 जीबी, आणि हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी. वजनाला चांगलाच दणकट. पण कीबोर्ड असा आहे, की आठ तास टायपिंग करणाऱ्या बाईने त्यासाठी वजन उचलावं. नव्या चपट्या लॅपटॉपांवर मी टाइप करून पाहिलं आहे. बोट आपटतं, बटण दबल्याचं कळत नाही. म्हणून हा सोडवत नव्हता.

त्यावर विंडोज 10 होतं. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा नेहमीचा आधार संपला. घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षेचे अपडेट्स आणखी वर्षभर मिळायची सोय आहे, पण ती पुढे ढकललेली तारीखच. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. माझा तिसऱ्या पिढीतला. म्हणजे सरळ मार्गाने तो दरवाजा बंद. आडमार्ग आहेत, पण लोकांची आधार कार्डं, सातबारे आणि नवरा-बायकोच्या भांडणाचे कागद ज्या मशीनवर आहेत तिथे आडमार्ग नको वाटला.

मिंट निवडायचं कारण साधं होतं. खाली डावीकडे मेन्यूचं बटण, उजवीकडे घड्याळ, मध्ये उघडलेल्या खिडक्या. हात जिथे जायला शिकलेला आहे तिथेच सगळं सापडतं. क्लेमाँ लफेव्र नावाच्या माणसाने 2006 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आहे, खाली पाया उबंटू या दुसऱ्या लिनक्सचा. तीन रूपांत मिळतो: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. सिनॅमन देखणं आहे. एक्सएफसीई साधं आहे आणि तिघांत हलकं. त्याच्या चिन्हात उंदीर आहे, तो मला आवडतो. मी टाकलं ते मिंट 22.2, त्याला 2029 पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. तोवर लॅपटॉप टिकला तर टिकला.

आता एक गोष्ट ठासून सांगते. फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर लिनक्स टाकून "फरक पडला नाही" म्हणणारे मला भेटले आहेत. फरक कसा पडणार? जुन्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात मंद भाग तीच असते. आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क घाला, मग काय टाकायचं ते टाका. टी430 मध्ये हे काम फारच सोपं आहे. बाजूला एक स्क्रू, त्यामागे छोटं झाकण, आणि डिस्क ओढली की बाहेर. रॅमची एक पट्टी खालच्या झाकणाखाली बसते, दुसरी कीबोर्डखाली. मी 240 जीबीची साधी साटा एसएसडी आणि 4 जीबीची आणखी एक डीडीआर3 पट्टी घेतली. दोन्ही बर्डीवरच, मुंजे चौकाच्या अलीकडच्या एका जिन्याखालच्या दुकानातून.

दुकानदार स्वभावाने चांगला, पण विकायला बसलेला. "ताई, काहून या डब्यात पैसे टाकून राहिल्या? नवा घ्या न, हप्त्यावर देतो." मी म्हटलं, आधी पेस्ट बदलून द्या. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती आणि पंख्यात नागपूरची अख्खी धूळ. साफसफाई, पेस्ट आणि दोन्ही भाग बसवणं, सगळं त्याने माझ्यासमोर केलं, जुनी डिस्क न मागता परत दिली आणि हात धुऊन चहा पाजला. दुकानाला माझ्याकडून पूर्ण मार्क. लिनक्सचं नाव काढल्यावर मात्र त्याने "ते तुमचं तुम्ही पाहा जी" म्हणून हात वर केले. हे आधीच सांगितलं ते बरं केलं त्याने.

टाकण्याचं वर्णन करत बसत नाही. ते शंभर ठिकाणी मिळतं आणि खरंच सोपं आहे. इमेज तीन जीबीच्या आत-बाहेर असते, ती पेनड्राइव्हवर चढवायची, लॅपटॉप सुरू करताना एफ12 दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. न टाकता नुसतं चालवून बघायची सोय आहे, ती जरूर वापरा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, मिटून उघडल्यावर जागा होतोय का, हे तिथेच कळतं. माझ्यात इंटेलचं वायफाय कार्ड आहे, ते काही न करता लागलं. त्या काळातल्या बऱ्याच घरगुती लॅपटॉपांत ब्रॉडकॉमचं कार्ड असतं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. तसं असेल तर फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट द्यायचं, मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर स्वतःच विचारतो. टाकताना मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवायला लागतात ते) चौकोनात टिक करायला विसरू नका. आणि वेळेसाठी शहर निवडताना नकाशात नागपूर शोधू नका. झिरो माइल आपलं असलं तरी घड्याळ कोलकात्याचंच मिळतं.

सुरू झाल्यावर काहीही न उघडता साधारण एक जीबी रॅम जाते. त्यावर फायरफॉक्सचे आठ-दहा टॅब आणि वर्डच्या जागी असलेल्या लिबरऑफिसच्या चार-पाच फाइल्स असा माझा दिवस असतो. 8 जीबीत कुठेच अडकत नाही. 4 जीबीवर राहायचं असेल तर चालेल, पण टॅब उघडताना हात आखडता घ्यावा लागेल.

आता कीबोर्ड. मी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीवर, टाइप करते. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, तिथे 'सिस्टीमचे डीफॉल्ट वापरा' यावरची टिक काढली की खालचं बटण जागं होतं आणि यादीत भारतीय भाषा दिसतात. इथे थांबा आणि नीट वाचा. साधं 'हिंदी' किंवा नुसतं 'इंडियन' घेऊ नका. मराठी, एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट, असं लिहिलेलं घ्या. नव्वद टक्के अक्षरं दोन्हीकडे सारखीच येतात, त्यामुळे चुकीचं घेतलं तरी लगेच कळत नाही. कळतं ते 'ॲफिडेव्हिट' लिहिताना. हिंदीच्या लेआउटमध्ये ए वर चंद्र येतो, 'ऍ'. आपल्याला अ वर चंद्र हवा. पक्षकाराला दोन्ही सारखेच, पण माझ्या डोळ्यांना तो हिंदी चंद्र खुपतो, आणि एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनाही खुपतो. ते लाल पेनने गोल करतात.

त्याच यादीत केगप नावाचा उच्चारानुसार चालणारा लेआउटही आहे. आणखी हवं असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस (टायपिंगच्या पद्धती पुरवणारं साधन) आणि त्याचं एम17एन पॅकेज घ्या. त्यात मराठीचं फोनेटिक आहे, आयट्रान्स आहे, गमभनच्या धर्तीचंही आहे. म्हणजे इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांचीही सोय होते. फक्त फोनवरच्या कीबोर्डसारखं पुढचा शब्द सुचवणारं काही अपेक्षू नका.

भाषा बदलायची कळ स्वतः निवडता येते. मी दोन्ही शिफ्ट एकत्र ठेवली आहे. आधी ऑल्ट-शिफ्ट होती, ती लिबरऑफिसमध्ये भलतीकडेच लागायची. पॅनेलवर लेआउट दाखवणारं छोटं साधन लावून घ्या, कोपऱ्यात चालू भाषा दिसत राहते. आकड्यांची एक सवय लावावी लागते: मराठी लेआउटमध्ये वरच्या ओळीतले आकडे देवनागरी उमटतात, इंग्रजी आकडे हवे तर उजवा ऑल्ट दाबून. खसरा नंबर मराठीत आणि आधार नंबर इंग्रजीत, अशी मागणी एकाच कागदात असते. आता बोटांना पाठ झालं आहे.

आणि 'ऱ्या'. हा खास आपला त्रास, आणि तो लिनक्सचा नाही, युनिकोडचा आहे. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलंत द्यायचा, इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे आणि मग डी. दुसरा म्हणजे साधा र, हलंत, आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच. पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका वकिलाच्या फाइलमध्ये 'गैरअर्जदाराच्या दुसऱ्या मुलाचे' नाव बदलायचं होतं. मी शोध लावला तर "सापडलं नाही" आणि समोर पडद्यावर शब्द उभा. फाइल दुसऱ्या कोणी फोनवर टाइप केली होती. तेव्हापासून बाहेरून आलेल्या फाइलमध्ये मी आधी सगळे 'ऱ्या' शोधून एकाच प्रकारचे करते. लिबरऑफिसच्या 'शोधा आणि बदला' मध्ये ते एका झटक्यात होतं.

लिबरऑफिस मिंटबरोबरच येतं. त्यात पर्यायांमध्ये भाषांचा भाग असतो, तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा पर्याय) चालू करून मराठी निवडायचं. हे न करता कामाला लागलात तर एक गंमत होते: तुम्ही अक्षराचा आकार 14 करता, इंग्रजी 14 होतं आणि मराठी आपलं 12 वरच. कारण प्रत्येक परिच्छेदाला दोन वेगळे फॉन्ट आणि दोन वेगळे आकार असतात, एक इंग्रजीसाठी आणि एक देवनागरीसाठी. स्टाइल्समध्ये जाऊन मूळ परिच्छेदाची शैली एकदा बसवली, दोन्हीकडे फॉन्ट आणि आकार दिला आणि ती टेम्पलेट म्हणून जपून ठेवली की पुन्हा पाहायला नको. माझ्या प्रत्येक प्रकारच्या कागदाचं असं टेम्पलेट आहे: वर न्यायालयाचं नाव, मग अर्जदार, विरुद्ध, गैरअर्जदार, निशाणीसाठी जागा, शेवटी सत्यापन. मराठी शुद्धलेखन तपासायचा शब्दकोशही वेगळा टाकता येतो. तो 'पुरसिस' खाली लाल रेघ मारतो. त्याला शिकवावं लागतं.

फॉन्टसाठी नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सेरिफ देवनागरी टाकले. मुक्तही टाकला, मुंबईच्या एक टाइपचा. फुकट आहे आणि नोटिशीला शोभतो. नोटोमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवलेली असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी ठरवलेली असेल तर हिंदी वळणाचे. म्हणूनच वर भाषा निवडायचं इतकं टुमणं लावलं.

वकिलांकडून फाइल येते ती वर्डची, आणि त्यात फॉन्ट असतो मंगल किंवा निर्मला. ते मायक्रोसॉफ्टचे, मिंटमध्ये नसतात. फाइल उघडते, अक्षरं नीट दिसतात, पण दुसरा फॉन्ट लागल्यामुळे ओळी सरकतात आणि सात पानांची साडेसात होते. इंग्रजीत ही अडचण कमी, कारण टाइम्सच्या जागी लिबरेशन आणि कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो असे मापाला माप जुळणारे फॉन्ट आहेत. मराठीत मंगलच्या मापाचा जुळा मला तरी मिळालेला नाही. अनुक्रमणिकेत पान नंबर लिहिलेले असतात, त्यामुळे अर्धं पान सरकलं तरी सगळं पुन्हा. मी आता नियमच केला आहे: शेवटचा हात माझा, आणि माझ्याकडून बाहेर जाते ती पीडीएफ. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेले जातात, कुठेही उघडा, पान जिथल्या तिथे. ई-फायलिंगलाही पीडीएफच लागते.

जुन्या फाइल्सबद्दल सांगते, कारण इथे बऱ्याच जणांचं गाडं अडणार आहे. श्रीलिपी, कृतीदेव या काळातला मजकूर म्हणजे आतून इंग्रजी अक्षरं आणि वरून मराठी फॉन्टचा मुखवटा. फॉन्ट नसला की पडद्यावर कचरा. फॉन्टची फाइल तुमच्याकडे रीतसर असेल तर मिंटमध्ये ती दोनदा क्लिक करून बसवता येते आणि जुनी फाइल वाचता येते, छापताही येते. पण त्या फॉन्टमध्ये नवं टाइप करायचं तर त्या सॉफ्टवेअरचा कीबोर्ड लागतो, आणि ती सॉफ्टवेअरं विंडोजची. ज्यांचं कुलूप यूएसबीच्या चावीत आहे त्यांनी तर मिंटचा विचारच करू नये. मी जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणते आणि मग पहिली वेलांटी आणि रफार या दोनच गोष्टी डोळ्यांत तेल घालून तपासते. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये उलटं, वेलांटी नंतर आणि रफाराचा र आधी. कन्व्हर्टर चुकतो तो या उलटापालटीतच. 'निर्णय' सारखा शब्द बघून घ्या, त्यात दोन्ही आहेत.

शेजारच्या टेबलावरच्या काकांचं दुकान असंच आहे. मशीनच्या टाइपरायटरवर हात बसलेला, रेमिंग्टनचा लेआउट, वीस वर्षांच्या फाइल्स जुन्या फॉन्टात. माझा पडदा बघून पहिल्या दिवशीच म्हणाले, "हे काय टाकून आणलं जी ताई? विंडोज कुठी गेलं?" मग दोन मिनिटं माझ्या खुर्चीत बसले, मेन्यू उघडला, फाइल उघडली. "दिसून तं तसंच राहिलं." मी त्यांना मिंट टाका म्हणून कधीच सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

प्रिंटर दोन होते. एचपीचा लेझरजेट 1020 एचपीलिप या एचपीच्याच लिनक्स ड्रायव्हरवर चालतो, पण त्याला एक जादाचा प्लगइन उतरवावा लागतो. नेट चालू असताना तो स्वतःच विचारतो, हो म्हणायचं. त्यानंतर तक्रार नाही. दुसरा प्रिंटर एका वेगळ्या कंपनीचा, काळा छोटा, जो बहुतेक टायपिंगच्या टपऱ्यांवर दिसतो. त्याच्यासाठी कंपनीने दिलेला लिनक्सचा ड्रायव्हर जुनाट, 32 बिटच्या काळातला. बसवला, चालला, आणि अपडेटनंतर मुका झाला. पुन्हा बसवला, दोन पानं दिली, तिसऱ्याला अडकला. शेवटी तो घरी पोरीच्या शाळेच्या कामाला गेला. म्हणून सांगते, मशीनच्या आधी प्रिंटरचं मॉडेल तपासा. ज्याचं पोट छपाईवर आहे त्याच्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. स्कॅनरला काही करावं लागलं नाही, मिंटमधलं डॉक्युमेंट स्कॅनर उघडलं आणि फ्लॅटबेड सुरू झाला.

आता उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि माझ्या टेबलावर टिनाचं छत आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, लॅपटॉपच्या खालच्या बाजूला हात लावून पाहा, पोळी भाजून निघेल. विंडोजच्या दिवसांत पंखा ओरडायचा आणि दुपारी दोननंतर सगळं संथ व्हायचं. मिंटवर टीएलपी नावाचं वीज वाचवणारं पॅकेज टाकलं. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सीपीयू बूस्ट म्हणून एक ओळ असते, ती विजेवर चालू असतानासाठी शून्य करून ठेवली. म्हणजे प्रोसेसर 2.6 गिगाहर्ट्झच्या वर उडी मारत नाही, एरवी तो 3.3 पर्यंत जातो. टायपिंगला त्या उडीची गरजच नसते. पंखा खाली आला. दिवाळीनंतर ती ओळ पुन्हा एक करते. कूलरच्या थेट झोतात मात्र लॅपटॉप ठेवू नका. वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा आपल्याला गोड, पण तो ओलावा मशीनला मानवत नाही.

त्याच फाइलमध्ये बॅटरीची चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय आहे, थिंकपॅडवर ती चालते. मी 75 खाली गेल्यावरच सुरू आणि 80 ला बंद असं ठेवलं आहे, कारण लॅपटॉप दिवसभर वायरलाच असतो. त्या फाइल्स साध्या मजकुराच्या असतात, पण प्रशासक म्हणून उघडाव्या लागतात. काळ्या खिडकीत (टर्मिनलमध्ये) टाइप करायची ज्यांना धास्ती आहे त्यांना सांगते, मला एवढ्याच कामासाठी तिथे जावं लागलं. कोर्टात टाइप करणाऱ्या बाईला टाइप करायची भीती कसली.

बाकी भराभर. व्हॉट्सॲपवर कागद पाठवणारे पक्षकार आता सगळेच. मिंटच्या वेब ॲप्समधून व्हॉट्सॲप वेबची स्वतंत्र खिडकी करून घेतली, पॅनेलवर चिन्ह आहे. वॉर्पिनेटर नावाचं साधन एकाच वायफायवर फोन आणि लॅपटॉपमध्ये फाइल पाठवतं, केबल शोधावी लागत नाही. टाइमशिफ्टने सिस्टीमची छायाप्रत ठेवता येते, अपडेटने काही बिघडलं तर मागे जाता येतं. पण ती सिस्टीमची, तुमच्या कागदांची नाही. कागद वेगळ्या डिस्कवर उतरवायचे ते उतरवायचेच. अपडेट मॅनेजरची ढाल कोपऱ्यात असते. ती तुमच्यावर काही लादत नाही आणि पुकाऱ्याच्या वेळी "बंद करू नका, 34 टक्के झालं" असं सांगत नाही. एवढ्या एका गुणासाठी मी तिला पाचपैकी पाच देईन.

खटकलेलं काय? मराठी इंटरफेस अर्धवट आहे. भाषा मराठी केली की काही मेन्यू मराठी, काही इंग्रजी, आणि जे मराठी आहे त्यातलं काही कळायला इंग्रजी आठवावं लागतं. मी इंटरफेस इंग्रजीच ठेवला. दुसरं म्हणजे मदत. बर्डीवरच्या दुकानांत विंडोज टाकून देणारे पावलोपावली, मिंटचं नाव घेतलं की हात वर. घरात किंवा ओळखीत शिकायची हौस असलेला एखादा पोरगा-पोरगी असेल तर बरं. माझ्याकडे वरच्या मजल्यावरची इंजिनीअरिंगची मुलगी आहे, तिला तर्री पोहे चारले की काम होतं.

आणि डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे सहीची यूएसबी चावी. बँक, महसूलच्या साइट, ई-चलान हे सगळं फायरफॉक्समध्ये चालतं. पण वकिलांचं टोकन लावून सही करायची वेळ आली की मी नाद करत नाही. प्रत्येक टोकनचा ड्रायव्हर वेगळा, वर सहीचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि समोर माणूस घड्याळ बघत उभा. पीडीएफ पेनड्राइव्हवर घेते आणि शेजारच्या काकांच्या विंडोजवर सही करून आणते. त्यांची बिलं आणि नोटिसा माझ्या लेझरजेटवर निघतात, कारण त्यांच्याकडेही तसाच काळा छोटा प्रिंटर आहे आणि टोनर महाग पडतो.